सहा पॉइंट तीन व्होल्टची मंडळी

आमच्या रविवारच्या मंडळात किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. ते आपोआप साचतात, सोल्डरिंगच्या टेबलाखाली वायरींचे तुकडे साचतात तसे. परवा ऑफिसात एकानं सहज विचारलं, "तुम्ही दर रविवारी बोरीवलीला जाऊन नेमकं करता काय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जेवणाची सुट्टी संपली. डबा तसाच घरी आला. बायकोनं विचारलं तेव्हा तिलाही तेच सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "लिहून काढ, म्हणजे जेवशील तरी."

तर आधी मंडळ म्हणजे काय ते सांगतो. बोरीवलीला मोडकांच्या सोसायटीत टेबल टेनिसची एक खोली आहे. टेबल आहे, नेट नाही आणि खेळणारंही कुणी नाही. तिथं आम्ही व्हॉल्व्हचे गिटार अ‍ॅम्प बनवतो. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, तेच ते. दुकानात तयार अ‍ॅम्प मिळतात हे आम्हाला ठाऊक आहे. ते स्वस्त पडतात हेही ठाऊक आहे. कृपया कुणी सांगू नये.

मोडक दिंडोशी कोर्टात वकिली करतात. डॉक्टर नीलिमा मुलुंडला दात काढते. मी जोगेश्वरीला राहतो, विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो आणि मंडळात माझं मुख्य काम टॉर्च धरणं हे आहे. चौथी जयू, ती पुढं येईल.

व्हॉल्व्हच्या पोटात एक तार असते, तिला हीटर म्हणतात. ती तापून लाल झाली की व्हॉल्व्ह जागा होतो. तिला लागतात सहा पॉइंट तीन व्होल्ट. कमी दिले तर आवाज आळसावतो. जास्त दिले तर गंमत अशी, की काहीच बिघडलेलं दिसत नाही. व्हॉल्व्ह छान उजळतो, छान वाजतो आणि आतून भराभर म्हातारा होतो. गॅस मोठा ठेवला की दूध लवकर तापतं आणि खाली भांडं करपत असतं, तसा प्रकार.

आता मोडकांच्या मेव्हण्यानं परदेशातून मोठ्या प्रेमानं जो ट्रान्सफॉर्मर आणला, तो होता दोनशे वीस व्होल्टच्या देशातला. आपल्याकडं सॉकेटमध्ये दोनशे चाळीसच्या आसपास येतात. वरून जास्त आले की खालूनही जास्तच निघणार. एवढं एक दुखणं समजलं की पुढचं सगळं समजेल.

*

पहिल्यांदा मोजलं तेव्हा मोडकांच्या काट्याच्या जुन्या मीटरवर सात व्होल्ट आले.

मोडकांनी मीटर खाली ठेवलं. "एका साक्षीदारावर निकाल देता येत नाही," ते म्हणाले.

मग नीलिमाचं मीटर आणलं. सात. मग माझं आणलं. माझं नवं, आकडे दाखवणारं, पिवळंधमक. ते म्हणालं सात पॉइंट सहा. मला जरा अभिमानच वाटला, की बघा, माझ्या मीटरला जास्त दिसतंय.

मोडकांनी त्याची उलटतपासणी सुरू केली. कुठून घेतलं, कधी घेतलं, याआधी कुठं खोटं बोललंय का. शेवटी त्याला पालथं घालून विचारलं, "याच्या पोटात सेल कधी बदललास?"

मला आठवेना. पुढच्या रविवारी माझ्याच मुलीच्या खेळण्यातला सेल काढून आणला, आत घातला आणि पुन्हा मोजलं. सात.

"साक्षीदार उपाशी होता," मोडक म्हणाले, "म्हणून वाढवून सांगत होता."

*

जयू आली ती हातात स्टीलचा डबा घेऊन. आम्हाला वाटलं खायला काही असेल. मी तर हात पुसून घेतले.

जयू अंधेरीच्या एका शाळेत संगीत शिकवते आणि गिटार अशी वाजवते, की तिच्यासमोर मी माझं बेस गिटार पिशवीतून बाहेर काढत नाही. राहते वर्सोव्याच्या कोळीवाड्यात. तिनं डबा उघडला. आत कापूस होता आणि कापसात दोन व्हॉल्व्ह निजवलेले होते.

ते तिच्या बाबांचे. बाबांना अख्खी गल्ली दादूस म्हणायची. दिवसा होडी आणि संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या हळदीत गिटार, असा माणूस. त्यांचा अ‍ॅम्प खाऱ्या हवेनं खाल्ला. पत्रा इतका गंजला की उचलायला गेलं तर तुकडा हातात यायचा. तेव्हा त्यांनी स्वतः हे दोन व्हॉल्व्ह काढून कापसात ठेवले आणि म्हणाले, नवीन खोका बनवू सावकाश. ते सावकाश काही जमलं नाही. दोन वर्षांपूर्वी दादूस गेले.

"यांच्यासाठी अ‍ॅम्प बनवायचाय," जयू म्हणाली. "बाबांचा आवाज यांच्यातच आहे. हे गेले की तो गेला."

"असे नवे मिळतात की गं," मी म्हणालो.

नीलिमानं टेबलाखालून माझ्या पायावर सँडल ठेवली. डेंटिस्ट लोकांना नेमकी नस बरोबर सापडते.

*

पण व्हॉल्व्ह जयूचे एकटीचे नव्हते. आईची परवानगी हवी होती आणि आई नाही म्हणत होती. एकदा पेटवले की झिजणार, झिजले की संपणार, त्यापेक्षा डब्यात राहू देत, असं तिचं सरळ म्हणणं होतं. मोडक म्हणाले, "मी बोलतो मावशींशी. लोकांना पटवायचेच पैसे घेतो मी."

आम्ही वर्सोव्याला गेलो. मावशी ओट्यावर कोळंबी सोलत बसल्या होत्या. बाजारातून नुकत्या आलेल्या, कपाळावर घाम तसाच. मोडकांनी बरंच काही सांगितलं. संगीत, वारसा, दादूसांची आठवण. मावशींचे हात थांबले नाहीत.

"त्या बल्बला पाहिजे किती?" त्यांनी मध्येच विचारलं.

"सहा पॉइंट तीन व्होल्ट."

"आन् तुमच्याकडं येतात किती?"

"सात," मोडक म्हणाले.

"मंग वरचं जातं कुठं?"

मोडकांना खोटं बोलता आलं असतं, कारण आमच्याशिवाय तिथं कुणी जाणकार नव्हतं. पण ते म्हणाले, "व्हॉल्व्हचं आयुष्य खातं मावशी."

कोळंबी सोलणारे हात थांबले. "मंग पयलं ते खाली आना. काटा साडेसहाच्या वर असला तर माझ्या मानसाच्या बल्बला हात लावायचा नाय. कबूल हाय?"

"कबूल," मोडक म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी सावकाश चपला घातल्या. मग म्हणाले, "एवढी वर्षं वकिली करतोय. माझ्या तोंडून एका शब्दात कबुली काढणारं कुणी भेटलं नव्हतं."

*

व्होल्टेज खाली आणायचं म्हणजे वाटेत रेझिस्टर घालायचा. जादाचा भार तो स्वतः गरम होऊन सोसतो. हिशोब मोडकांनी केला, जोडणी नीलिमानं.

नीलिमाची जोडणी बघण्यासारखी असते. दातात चांदी भरावी तसं ती सोल्डर भरते आणि नंतर फुंकर मारून बघते. तिनं सुबक दिसावेत म्हणून तांदळाएवढे चिमुकले रेझिस्टर आणले होते. स्विच दाबला. दहापर्यंत मोजायच्या आत त्यातून निळसर धूर निघाला, खोलीत करपट वास पसरला आणि सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले.

नीलिमा अजिबात गडबडली नाही. मास्क खाली ओढून म्हणाली, "काही नाही काका, किडलेला होता, काढावा लागेल."

सेक्रेटरी गालावर हात ठेवून निघून गेले. त्यांच्या दाढेची अपॉइंटमेंट तिच्याकडे शनिवारची होती.

मग आम्ही पांढरे, जाडजूड, सिमेंटच्या अंगाचे रेझिस्टर आणले. दिसायला विटा, पण वागायला शहाणे. काटा सहा पॉइंट तीनवर आला. आम्ही एकमेकांचे हात हातात घेतले. तात्पुरते साधे नवे व्हॉल्व्ह लावून जयूला वाजवायला दिलं.

तिनं तारेला हातही लावला नाही. नुसती ऐकत उभी राहिली. "काहीतरी गुणगुणतंय," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावर पाण्याचा पंप चालू असल्यासारखं."

आम्ही कान लावले. मोडकांनी कानातलं श्रवणयंत्र वाढवून पाहिलं. काही नाही. "तुझ्या मनात आहे ते," मोडक म्हणाले.

"माझ्या मनात असतं तर सुरात असतं, काका."

नीलिमानं जोडणी पुन्हा पाहिली. हीटरला दोन वायरी जातात, तिनं रेझिस्टर एकाच वायरीत घातला होता. तिनं तो काढला आणि निम्म्या ताकदीचा एकेक दोन्हीकडं घातला, म्हणजे तोल सारखा. जयूला भिंतीकडं तोंड करून उभं केलं होतं, आम्ही काय करतोय ते तिला दिसत नव्हतं. स्विच दाबल्याबरोबर ती म्हणाली, "गेला पंप."

मोडकांनी तेव्हापासून तिला कामाच्या वेळी जयू म्हणणं सोडलं. "तज्ज्ञ साक्षीदारांना विचारा," असं म्हणतात.

*

काटा खाली आला खरा, पण तो रविवारी दुपारी, बोरीवलीत. मोडकांना झोप येईना. सॉकेटचं व्होल्टेज काही सगळीकडं आणि सगळ्या वेळी सारखं नसतं. उद्या दुसरीकडं वाजवायची वेळ आली तर? मावशींना शब्द दिलाय तो बोरीवलीपुरता थोडाच दिलाय?

म्हणून प्रत्येकानं सॉकेटमध्ये खोचायचं छोटं मीटर घरी लावायचं आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ आकडा ग्रुपवर टाकायचा, असं ठरलं. लोकांच्या ग्रुपवर फुलं आणि सुविचार येतात. आमच्या ग्रुपवर 'मुलुंड २४४', 'जोगेश्वरी २३९', 'बोरीवली २४१' असे आकडे यायला लागले. वर्सोव्याचा आकडा जयू टाकायची, तो बहुतेक सगळ्यांत कमी असायचा. गल्लीत घरटी मासळीचे फ्रीझर, टोकाला बर्फाचा कारखाना, त्यामुळं लाइन कायम ओढलेली आणि व्होल्टेज बसलेलं. आम्ही त्या आकड्यावर खूश होतो.

माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडं होत्या. एकदा माझा फोन ओट्यावर होता आणि त्यावर मोडकांचा निरोप झळकला, 'आज सकाळीच २४६. काळजी वाटते.'

संध्याकाळी मी घरी आलो तर सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "हे मोडक तुझे मित्र ना? उपाशीपोटी दोनशे सेहेचाळीस म्हणजे काय रे. त्यांना सांग, आधी भात बंद करा."

मी तो निरोप पोचवला. मोडकांची साखर खरोखरच तपासायची राहिली होती. तपासली, तर औषध सुरू करावं लागलं. तेव्हापासून सासूबाईंना आमच्या मंडळाबद्दल आदर आहे.

*

शेवटी दादूसांचे व्हॉल्व्ह लावायचा रविवार आला. त्यांच्या पायांवर, म्हणजे खाली ज्या बारीक पिना असतात त्यांच्यावर, खाऱ्या हवेची हिरवट पुटं चढली होती. घासावं तर काच दुखावेल, न घासावं तर करंट जाणार नाही.

नीलिमा दवाखान्यातून दात पॉलिश करायचं यंत्र घेऊन आली. टेबलावर पेशंटच्या गळ्याला बांधतात तो निळा कागद अंथरला. एकेक पिन, फिरणारा इवलासा ब्रश, मध्ये फुंकर. मी टॉर्च धरून होतो. तासभर हे चाललं. तिच्याकडं एरवी दहा मिनिटांत दात निघतो.

"फार गुणी पेशंट आहेत," शेवटी पाठ सरळ करत ती म्हणाली. "एकदाही विचारलं नाही, अजून किती वेळ."

मोडकांनी काटा पाहिला. सहा पॉइंट तीन. त्यांनी तो जयूला पाहायला लावला, मग मला, मग फोटो काढून मावशींना पाठवला. मगच साधे व्हॉल्व्ह काढून दादूसांचे बसवले. हळूहळू दोन्ही काचांत नारिंगी रंग आला. जयूनं एकच तान वाजवली, हळदीच्या गाण्याची असते तशी, वर जाऊन घरंगळत खाली येणारी. शेवटचा सूर जरा फाटला, पण प्रेमानं हाक मारताना गळा फाटतो तसा. तिनं लगेच स्विच बंद केला.

"का गं?" मी विचारलं.

"आईनं नाही ऐकलं अजून," ती म्हणाली. "आधी मीच संपवू का?"

मी टॉर्च बंद करायचं विसरलो, एवढंच काय ते दिसलं लोकांना. जयूला काय हवं होतं ते आम्हाला त्या दिवशी नीट कळलं. अ‍ॅम्प, व्हॉल्व्ह, व्होल्ट हे सगळं खरं, पण तिला हवं होतं की आईनं तो आवाज एकदा ऐकावा. आणि आई बोरीवलीला यायला तयार नव्हती. फोटो पाहून तिनं जयूला एवढंच विचारलं होतं, "बंद केलेस ना नंतर?"

*

आता शेवटचा.

जूनमध्ये जयूच्या चुलतभावाची हळद होती, त्यांच्याच गल्लीत, त्यांच्याच दारासमोर. दादूस असते तर त्यांनीच वाजवली असती. जयू म्हणाली, अ‍ॅम्प तिथं न्यायचा. आई बोरीवलीला येत नाही ना, मग आवाज आईच्या दारात नेऊ. मावशींनी त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "साडेसहा लक्षात ठेवा," एवढंच म्हणाल्या.

आम्ही दुपारीच पोचलो. अंगणात मांडव, पिवळ्या साड्या, बायकांची लगबग. अ‍ॅम्प स्टुलावर ठेवला, अजून दादूसांचे व्हॉल्व्ह लावले नव्हते. मोडकांनी साधे व्हॉल्व्ह लावून काटा पाहिला.

सहा पॉइंट सात.

मोडकांनी मीटर हलवलं, पुन्हा पाहिलं. सॉकेटमधल्या छोट्या मीटरवर दोनशे पन्नासच्या वर आकडा होता. जयूच्या घरचा आकडा कायम कमी असायचा, आणि आज तो आमच्या कुणाच्याच घरी कधी गेला नव्हता इतका वर होता.

कारण जयूला कळलं, आम्हाला नाही. जून म्हणजे मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या. बर्फाचा कारखाना बंद. घरोघरचे फ्रीझर रिकामे, म्हणून बंद. लाइनला ओढायला कुणी उरलंच नव्हतं, मग व्होल्टेज मोकाट सुटलं. सबंध थंडी आणि उन्हाळा आम्ही वर्सोव्याचा आकडा बघून खूश होत होतो आणि समुद्राचा हिशोब आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

"अजून एकेक रेझिस्टर घालू," नीलिमा म्हणाली. मोडकांनी पिशवी उघडली. सोल्डरिंगची पेटी बोरीवलीलाच राहिली होती.

"दोन पॉइंटांनी काय होतंय," मी म्हणालो. "दोन गाणी तर वाजवायचीत."

"मी शब्द दिलाय," मोडक म्हणाले. त्यांनी दादूसांच्या व्हॉल्व्हचा डबा उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. कुणी हिसकावून नेईल असा धरून बसले. गिटारची पिशवी जयूनं उघडली होती, ती पुन्हा बंद करायला लागली. आत घरात मावशी दिसत होत्या. मांडवात आल्या नव्हत्या. दारात पाठ करून काहीतरी आवरत होत्या.

तेवढ्यात काटा हलला. सहा पॉइंट सातवरून खाली, सहा पॉइंट सहाच्याही जरा आत.

"थांबा," मोडक म्हणाले. "आत्ता कुणी काय केलं?"

कुणीच काही केलं नव्हतं. फक्त जयूच्या आत्यानं, मांडवातल्या त्याच लांबलचक एक्स्टेन्शनवर, पोलकं कडक करायला इस्त्री लावली होती.

मोडकांनी आत्याला विनंती केली, जरा बंद करा. काटा वर. आता लावा. काटा खाली. आत्या म्हणाली, "इस्त्री लावली की तुमचं खाली येतंय?" मोडकांनी मान हलवली. "मंग एवढंच ना," आत्या म्हणाली आणि मांडवाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिचा आवाज बाजारात कमावलेला. "ए, दादूसचे बल्ब लावायचेत! इस्त्र्या लावा, फ्रीझर लावा, गिझर लावा, जे हाय ते लावा!"

कुणी कारण विचारलं नाही. दादूसचं नाव पुरलं. रिकामे फ्रीझर घुरघुरायला लागले. भर जूनमध्ये गिझरचे लाल दिवे लागले. कुणी मिक्सर लावला, कुणी पाण्याचा पंप. मोडक काट्यावर डोळे ठेवून बोटांनी खुणा करत होते आणि नीलिमा त्या खुणा पुढं पोचवत होती. इस्त्री नुसती ठेवली की थोड्या वेळानं आपली आपण बंद पडते, तिच्याखाली कपडा हवा, हे एकीनं ओळखलं. मग अख्खी गल्ली इस्त्री करायला बसली. चादरी, शाळेचे गणवेश, होडीवरचे झेंडे, एका घरात तर पायपुसणं. उकाड्यानं माणसं निथळत होती आणि इस्त्र्या चालू होत्या.

सहा पॉइंट चार.

मोडकांनी मांडीवरचा डबा जयूच्या हातात दिला.

ती वाजवायला लागली तेव्हा मांडवातल्या बायका आधी नाचायचंच विसरल्या. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. मग नवऱ्यामुलाच्या आईनं डोळे पुसले, पदर खोचला आणि नाच सुरू झाला. जयू मात्र सारखी घराच्या दाराकडं बघत होती. दारात कुणी आलं नाही. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपत आलं. ठरलं होतं दोनच गाण्यांचं, व्हॉल्व्हना जपून.

मोडकांनी मला खूण केली, की मावशींना सांगून ये, झालं आता, त्यांच्या घरातलं काही चालू असेल तर बंद करा म्हणावं.

मी आत गेलो. खिडकी सताड उघडी होती आणि गिटार मांडवापेक्षा तिथंच जास्त स्पष्ट ऐकू येत होती. मावशी जमिनीवर जाड चादर अंथरून इस्त्री करत बसल्या होत्या. समोर पुरुषाचे शर्ट होते, कॉलर जुन्या पद्धतीची. एक झाला की बाही आत दुमडायची, बटणं लावायची, हातानं सपाट करून बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. शेजारी चांगला गठ्ठा झाला होता. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मावशी," मी म्हणालो, "झालंय आता. इस्त्री बंद केलीत तरी चालेल."

त्यांनी पुढचा शर्ट उलगडला आणि त्यावर पाण्याचे चार थेंब मारले.

"अजून शर्ट बाकी हायेत," त्या म्हणाल्या. "तिला सांग, वाजव."